उलटी टिटवी

"विमान उलटं काढलं होतं ज्यांनी, त्या बाई इथेच राहतात ना?"

त्या माणसाने भर दुकानात, गिऱ्हाइकं उभी असताना विचारलं, आणि मी हातातला प्रायमरचा डबा काउंटरवर असा आपटला की त्याचं झाकण उडालं.

कुडाळच्या बाजारात माझं रंगांचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून एकटीच चालवते, म्हणून आवाज चढवायची सवय आहे. पण त्या प्रश्नाने माझं डोकं एवढं का फिरलं ते त्या माणसाला कळणं शक्य नव्हतं. आमच्या घरात माझ्या आजीने, म्हणजे वडिलांच्या आईने, माझ्या आईला जन्मभर ह्याच गोष्टीवरून सोललं होतं. आमटी खारट झाली की म्हणायची, "आज टिटवी केलंस वाटता." झबल्याची बाही वाकडी शिवली गेली, टिटवी. मला मुलगा न होता मुलगी झाली तेव्हासुद्धा म्हातारी आईकडे बघून तेच म्हणाली होती. लग्नाआधी आई सावंतवाडीला एका कारखान्यात खेळण्यातल्या विमानांचे नकाशे काढायची. तिथे तिने 'टिटवी' नावाचं विमान उलटं काढलं आणि म्हणून तिची नोकरी गेली, एवढंच आम्हाला ठाऊक. एरवी आईच्या जिभेला हाड नव्हतं, पण ह्या विषयावर ती एक अक्षर काढायची नाही.

"कोण तुम्ही?" मी विचारलं.

"मी विद्याधर केतकर. पुण्याहून आलोय." साठीचा माणूस, डोक्याला टोपी, खिशाखिशांची पँट. त्याने पिशवीतून एक लांबट पुठ्ठ्याची पेटी काढली आणि देवाची मूर्ती ठेवावी तशी काउंटरवर ठेवली. पेटीवर पिवळ्या रंगाचं, लांब तंगड्यांचं विमान होतं. खाली लिहिलेलं, 'टिटवी. गगन मॉडेल वर्क्स, सावंतवाडी.'

मी ती पेटी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"तारेवरच्या विमानांच्या जुन्या पेट्यांचा मी इतिहास लिहितोय," केतकर म्हणाले. "कोणी काढल्या, कुठे बनल्या, कोणाची कल्पना. आपल्याकडे कोणी लिहूनच ठेवलं नाही हो, ताई. कॉलेजांच्या अडगळीच्या खोल्या, बंद पडलेल्या दुकानांचे माळे, सगळं पालथं घातलं मी. तेव्हा परदेशातलं हलकं लाकूड मिळायचं नाही, तर सावंतवाडीच्या भाऊसाहेब रेग्यांनी आपल्या लाकडी खेळण्यांचा पांगारा वापरला. काय डोकं बघा. आणि त्यांची टिटवी तर आमच्या लोकांत दंतकथाच आहे. पहिल्या खेपेची अख्खी पेटी मला देशभरात ही एकच मिळाली."

"दंतकथा कसली?"

"उलटी आहे ना ती."

"म्हणजे काय उलटी? पंख पोटाला आहेत की शेपूट तोंडाला?"

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. ते हसले आणि काउंटरवरचा सुतळीचा गुंडा उचलून समजावायला लागले. माणूस मधे उभा राहतो. हातात मूठ. मुठीला दोन बारीक तारा, तारांच्या टोकाला विमान. विमानाला खरंखुरं छोटं इंजिन असतं, ते माणसाभोवती गोल फिरत राहतं, आणि माणूस त्याच्याबरोबर जागच्या जागी फिरतो. मनगट वर केलं की विमान वर, खाली केलं की खाली.

"जगात ही विमानं सहसा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात," ते म्हणाले. "म्हणजे तारा डाव्या पंखातून निघतात. टिटवीच्या उजव्या पंखातून निघतात. ती दुसऱ्या बाजूने फिरते. का, तर नकाशा छापताना तुमच्या आईंनी ट्रेसिंगचा कागद उलटा ठेवला. डाव्याचं उजवं झालं, आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत पेट्या बाजारात गेल्या. छापताना चुकलेलं पोस्टाचं तिकीट कसं मोलाचं होतं, तसं आहे हे. पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्याच्यावर आहे."

त्यांनी नकाशा उलगडला. निळ्या रेघा, एकेक केसासारखी. कोपऱ्यात वळणदार अक्षरांत 'टिटवी' लिहिलेलं. माझ्या शाळेच्या वह्यांवर आई नाव घालायची तेच अक्षर.

"ट्रेसिंग उलटं पडलं म्हणता," मी म्हटलं, "मग अक्षरं सरळ कशी?"

केतकर जरा थबकले. "ती नंतर घातली असतील."

"असतील म्हणजे? तुम्ही इतिहास लिहिताय की अंदाज ठोकताय?"

"अहो ताई, भाऊसाहेबांच्या चिरंजीवांनी स्वतः सांगितलंय मला. श्रीरंग रेगे. पुढच्या महिन्यात आम्ही सावंतवाडीच्या मैदानावर कार्यक्रम ठेवलाय. तोवर ह्या पेटीतलं विमान मी बांधून काढतो, तिथे उडवून दाखवतो. तुमच्या आईंनी फक्त दोन शब्द बोलायचे, ती चूक कशी झाली ते. फार गोड आठवण आहे हो."

"गोड?" मी म्हटलं. "आमच्या घरी राहून बघितली असतीत म्हणजे कळलं असतं किती गोड ते. उचला ती पेटी. मला धंदा करू द्या."

"थांब गो."

आई मागच्या दारात उभी होती. आमचं घर दुकानाच्या पाठीमागेच, मधे नुसता पडदा. सगळं ऐकलेलं दिसत होतं. सत्तरीला टेकलेली, पण ताठ. ती काउंटरशी आली, चष्मा पुसून लावला, आणि केतकरांना काही न विचारता पेटीतली एक पातळ फळी उचलून नाकाशी धरली.

"पांगारो," ती म्हणाली. मग फळीवर आखलेल्या पंखाच्या बरगडीवरून नख फिरवलं. "इंजिन खंयचा घालतलास?"

केतकरांनी आनंदाने काहीतरी नाव सांगितलं. आईने मान हलवली.

"जड आसा. नाकात जास्त शिसा घालू नको." तिने फळी परत ठेवली. "येतंय मी. तारीख सांगा."

केतकर दोन्ही हात जोडून गेले. ते बाहेर पडताच मी आईवर तुटून पडले. म्हटलं, तुला बोलावतात कशासाठी ते कळतंय का? लोकांसमोर उभी करून हसणार तुझ्यावर. ती म्हणाली, "प्रायमर सांडलो आसा, पुसून घे आदी," आणि आत निघून गेली.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. आई गेली त्यालाही चार झाली. पण ती जी म्हणायची "पुसून घे", त्या आवाजाचा मला आजही राग येतो.

*

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दुकानाच्या व्हॅनमधून आम्ही दोघी निघालो. आईने हिरवी सुती साडी नेसली होती आणि पायात माझे चालायचे जुने बूट घातले होते, नाड्या घट्ट आवळून.

"बूट कशाला? चपला आहेत की चांगल्या."

"मैदानात खडे आसतत."

झाराप गाव मागे पडलं. मग मला राहवलं नाही.

"आई, खरंच चूक झाली होती का?"

"तुका काय वाटता?"

"मला वाटतं तुझ्या हातून रेघ वाकडी जात नाही. ती अक्षरं बघितली ना मी. कागद उलटा पडला असता तर ती पण उलटी पडली असती."

आई खिडकीबाहेर बघत होती. "बरा," ती म्हणाली. "कोणाच्या तरी लक्षात इला."

आणि मग तिने सांगितलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, असं सांगितलं की जणू कालच झालं होतं. भाऊसाहेब रेगे माणूस हौशी, पण विमान उडवायला गेले की तीन फेऱ्यांत घेरी येऊन खाली बसायचे. त्यामुळे कारखान्यातलं प्रत्येक नवं विमान आईच उडवून बघायची. चिताऱ्याची पोर, वडिलांकडून लाकूड आणि ब्रश दोन्ही हातात आलेलं. टिटवी पहिल्या रेघेपासून तिची. भाऊसाहेबांनी ती उडताना बघून टाळ्या वाजवल्या होत्या. पहिली खेप बाजारात गेली. मग एका मोठ्या कॉलेजची ऑर्डर परत आली. त्यांची मुलं दुसऱ्या विमानांवर शिकलेली, हे म्हणे उलटं फिरतं. त्यांचा माणूस जाब विचारायला कारखान्यात आला.

"भाऊसाहेबांनी माका आत बोलावल्यानी," आई म्हणाली. "म्हणाले, शेवंती, ट्रेसिंग उलटा पडला म्हण. चूक झाली म्हण सगळ्यांसमोर. तुजा काम जावचा नाय, माजो शब्द. बापाशीक दमो होतो गो. घरात दुसरा कोण मिळवता नव्हता."

"आणि तू म्हणालीस?"

"म्हटलंय. पडवीत सगळी माणसां उभी. रंगवणारे, पेट्यो भरणारे, माजो सख्खो काको. सगळ्यांच्या समोर म्हटलंय, चूक झाली माजी. भाऊसाहेब त्या माणसाक म्हणाले, पोरगी आसा, घाईत करता. आणि म्हयनो सरल्यार माका घरी पाठवल्यानी."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली. "तो शब्द देऊन?"

"तो शब्द दिवन."

"मी गाडी परत फिरवते. आणि त्या केतकराला फोन करून अशा शिव्या घालते की पुण्यापर्यंत ऐकू जातील."

"चालव."

"तिथे जाऊन परत तेच म्हणणार आहेस? चूक झाली म्हणून?"

"काय म्हणायचा ता माजा मी बघतंय. चालव."

"निदान मला सांग, तशी काढलीस तरी का? सगळं जग एका बाजूने फिरवतं, तू दुसऱ्या?"

"थंय मैदानार गेल्यार सांगतलंय. दोनदा तोंडाची वाफ दवडूची नाय माका," आई म्हणाली आणि पदराने मान पुसली.

*

मैदानावर छोटा मांडव होता, खुर्च्या होत्या, कोल्हापूर-गोव्याकडचे विमानवाले लोक होते, एका शाळेची मुलं रांगेत बसवलेली. आणि मांडवाच्या पाठीमागे भलामोठा फलक होता. त्यावर टिटवीच्या पेटीचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत, 'एका चुकीची गोष्ट'.

मी तो फलक बघितला आणि आईकडे बघितलं. तिने वाचला. तिचा चेहरा जराही हलला नाही.

आधी श्रीरंग रेगे बोलले. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, आवाज मऊ. म्हणाले, "बाबा नेहमी सांगायचे, आमच्याकडे एक गुणी मुलगी होती. घाईत तिच्याकडून ट्रेसिंग उलटं ठेवलं गेलं. केवढं नुकसान झालं. पण बाबांनी तिला एका शब्दाने दुखावलं नाही. असा मोठ्या मनाचा माणूस होता. ती मुलगी, म्हणजे आपल्या शेवंतीकाकी, आज आपल्यात आहेत."

टाळ्या झाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

आईला शाल आणि नारळ दिला. शाल तिने खुर्चीवर ठेवली, नारळ हातात घेऊन माइकसमोर गेली. केतकर शेजारी उभे, हसरे.

"सांगा शेवंतीबाई. कशी झाली चूक?"

"ती चूक नाय," आई म्हणाली.

माइक चांगला होता. मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

"मी ती तशीच काढली. समजून काढली. आरती झाली की आपण उभ्या जाग्यार खंयच्या अंगान फिरतंव? उजव्या. ल्हानपणापासून पायांक तीच सवय. डाव्या अंगान फिरला की घेरी येता. भाऊसाहेबांक येई, ते खाली बसत. हयल्या पोरांक पण येई, मूठ सुटे, विमान फुटे. म्हणून मी तारो उजव्या पंखातसून काढल्यो. आणि दुसरा. इंजिनाच्या जोरान विमान डावीकडे कलता. माणूस उजवीकडे आसलो तर ता भायरच्या अंगाक कलता आणि तारो ताठ रवतत. नव्या पोराक सोपा जाता. ट्रेसिंग सरळ होता. अक्षरां पण माजीच, शाईन घातलेली. माका चूक म्हणूक लावल्यानी, म्हणून मी म्हटलंय. आज नाय म्हणूचंय."

मला वाटलं, झालं. आता ह्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मला रडूही आलं आणि उठून नाचावंसंही वाटलं.

पण केतकरांच्या चेहऱ्यावर काही शरम नव्हती. उलट डोळे चमकत होते. त्यांनी माइक स्वतःकडे ओढला.

"ऐकलंत? काय सुंदर आहे हे. एक साधी, भाविक मुलगी. विमानसुद्धा देवाच्या प्रदक्षिणेसारखं फिरलं पाहिजे, अशी तिची श्रद्धा. त्या भाबड्या श्रद्धेपोटी ही चूक झाली. आज माझ्या प्रकरणाला नवं शीर्षक मिळालं, मंडळी. श्रद्धेची चूक."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आधीपेक्षा जोरात.

मी उभी राहिले. "श्रद्धा कुठे म्हणाली ती? घेरी म्हणाली. तारा ताठ राहतात म्हणाली. कान धुऊन या जरा."

"ताई, बसून घ्या," श्रीरंग रेगे मऊ आवाजात म्हणाले. "काकींचं वय झालंय. इतक्या वर्षांनी आठवणींत जरा इकडचं तिकडे होतं. आपण समजून घेऊ."

"समजून तुम्ही घ्या. तुमच्या वडिलांनी तिला पडवीत उभी करून खोटं बोलायला लावलं. काम जाणार नाही म्हणून शब्द दिला आणि महिन्यात हाकललं. हे घाला पुस्तकात. मोठ्या मनाचं प्रकरण घाला."

"बाबा आता नाहीत," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"आणि जिवंत माणसाबद्दल बोललेलं चालतं?"

लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. मी भांडखोर बाई ठरले होते, ते मला कळत होतं, आणि त्याने मी जास्तच पेटत होते. आईने माझा दंड धरला.

"गप. विमान उडताना बघूया," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच इलंय मी."

केतकरांनी टिटवी आणली. त्या महिन्यात त्यांनी ती फार मन लावून बांधली होती, हे मी रागातही कबूल करते. पिवळा कागद ढोलासारखा ताणलेला, वर वार्निशचा हात एकसारखा, माझ्या दुकानातल्या कुठल्याही रंगाऱ्याला जमला नसता. आई चालत जवळ गेली आणि तिने शेपटीची झडप बोटाने वरखाली करून बघितली. कोणाला काही न बोलता परत आली.

"मी मुद्दाम सराव न करता उडवतो," केतकर माइकवर म्हणाले. "म्हणजे ह्या चुकीची गंमत तुम्हाला कळेल."

इंजिन सुरू झालं, इंधनातल्या एरंडेलाचा जळका वास पसरला. कोणीतरी विमान सोडलं. केतकर उजवीकडे फिरायला लागले, आणि तिसऱ्या फेरीलाच त्यांची पावलं एकमेकांत अडकायला लागली. आयुष्यभर डावीकडे फिरलेला माणूस. टिटवी वरखाली डुगडुगत होती. त्यांनी कशीबशी ती गवतावर आपटत उतरवली आणि स्वतः डोकं धरून खाली बसले, हसत. मुलंही हसली.

"बघितलंत?" ते बसूनच ओरडले. "म्हणून म्हणतो, उलटी टिटवी."

आई उठली. पदर कमरेला खोचला, नारळ माझ्या मांडीत ठेवला आणि मैदानाच्या मधोमध गेली.

"हाड ती मूठ," तिने हात पुढे केला.

केतकर उठले. "अहो शेवंतीबाई, एवढी एकच आहे हो ही. पहिल्या खेपेची. काही झालं तर…"

"तुमका घेरी इली, माका येवची नाय."

फोटोवाला धावत पुढे झाला. कोल्हापूरचे लोक म्हणाले, उडवू द्या हो. श्रीरंग रेगे घड्याळ बघत होते. केतकरांनी एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं आणि मूठ आईच्या हातात दिली. मग स्वतः जाऊन इंजिन चालू केलं आणि विमान धरून उभे राहिले. आईने मनगट वर केलं, खाली केलं, झडप हलताना बघितली आणि मान डोलावली.

सुटल्या क्षणापासून तारा ताठ होत्या.

पहिल्या दोन फेऱ्या टिटवी जरा अडखळली. मग ती आईच्या डोक्याच्या उंचीला येऊन स्थिर झाली. आई माझ्या जुन्या बुटांत छोटी छोटी पावलं टाकत उजव्या अंगाने फिरत होती, आरती झाल्यावर फिरतो तशी, सहज. तिने टिटवी वर नेली. खाली आणली. गवताच्या वर वीतभर अंतरावरून अशी नेली की मुलं ओरडली आणि मागे सरकली. परत वर. मी मांडीतला नारळ घट्ट धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. सासूचे टोमणे खात आमटी ढवळणारी माझी आई हे करू शकत होती. हे सगळं तिच्या हातात होतं आणि आमच्यापैकी कोणालाही ते ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात केतकर परत माइकवर गेले.

"बघा मंडळी," त्यांचा आवाज भरून आला होता, "ह्याला म्हणतात श्रद्धेची ताकद. तंत्र चुकलेलं आहे, विमान चुकलेलं आहे. पण देवाची कृपा बघा. ही चूक किती गोड आहे."

भोंगा आईच्या पाठीमागेच लावलेला होता. तिने ते ऐकलं. तिचा चेहरा माझ्याकडे वळला तेव्हा मी बघितला. माझ्या सबंध आयुष्यात मी तिला इतकी रागावलेली बघितलेली नाही.

तिने टिटवी वर नेली, तारा जातील तितकी वर, डोक्यावर. इंजिन पूर्ण जोरात होतं. मग तिने मनगट खाली वळवलं आणि तसंच धरून ठेवलं. हात जराही कापला नाही.

टिटवी सरळ खाली आली आणि गवतातून वर आलेल्या जांभ्याच्या कातळावर पडली. इंजिनाच्या पंख्याचा एक तुकडा माझ्या पायाशी येऊन थांबला.

केतकर धावत गेले. पिवळ्या कागदाचे आणि पांगाऱ्याचे तुकडे दोन्ही हातांनी गोळा करायला लागले. "काय केलंत हो हे," ते म्हणत होते, "एकच होती, अहो एकच होती."

आई शांतपणे त्यांच्याजवळ चालत गेली. वाकली आणि मूठ त्यांच्या हातातल्या तुकड्यांवर ठेवली.

"चूक झाली," ती म्हणाली. "ही मात्र माजी. आता लिवा."